तुम्ही आधीच मत दिलं आहे

प्रोजेक्ट तपासायला माझ्याकडे आलाय असं कळलं की आमच्या वर्गातली पोरंपोरी आपला कोड पुन्हा एकदा उघडून बसतात. मला ते ठाऊक आहे आणि खोटं कशाला बोलू, थोडं आवडतंही. नवी मुंबईतल्या आमच्या सेक्टरातल्या बुद्धविहाराच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी वेबसाइट बनवायचा मोफत वर्ग चालतो. शिकवणारे आम्ही चौघं, आठवडाभर महाप्याच्या ऑफिसांत खुर्च्या झिजवून रविवारी इथं येणारे. बाकीचे तिघं गोड बोलतात. कोणीतरी खरंही बोलायला हवं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

पहिला प्रोजेक्ट सगळ्यांना एकच असतो: मतदानाची वेबसाइट. सिनेमे, पुस्तकं आणि गाणी असे तीन विभाग. येणाऱ्यानं चौकटीत आपलं नाव टाकायचं, आवडेल त्याला मत द्यायचं. ज्याला जास्त मतं ते वर. प्रत्येकाच्या खाली कोणी कोणी मत दिलं त्यांची नावं दिसायला हवीत. पासवर्ड नाही, तो धडा पुढचा. नवशिक्यांसाठी एवढं पुष्कळ आहे. आणि दर वर्षी मला तेच ते सिनेमे, तीच ती गाणी बघावी लागतात. यंदाही आठ वेबसाइटी उघडून झाल्या तोवर मला जांभया येत होत्या.

नववी उघडली आणि पान हळदीच्या रंगाचं निघालं. डोळ्यांना त्रास होईल इतकं पिवळं. पुस्तकांच्या विभागात बीकॉमचं एक गाइड, एवढंच. सिनेमे दोन. गाण्यांचा विभाग मात्र नुसता भरून वाहत होता: हळदीची गाणी, नाचायची गाणी, जेट्टीवर शूट केलेली, गॉगल घातलेल्या पोरांची. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, पहिल्या नंबरला, फोनवर रेकॉर्ड केलेला एका म्हातारीचा आवाज. वाद्य नाही, काही नाही, मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज. खाली लिहिलं होतं, ‘धवला’.

ही वेबसाइट ज्या मुलीची, ती उरणकडच्या जासई गावची. दोन बस बदलून यायची. घरची शेती कधीच गेली, तिथं आता कंटेनरचं यार्ड आहे आणि त्याच यार्डाच्या ऑफिसात ती गाड्यांच्या नोंदी करायची. आगरी घर, मोठी भावकी. वर्गात ती जपून, आमच्यासारखं बोलायची. घाबरली की तिची घरची बोली बाहेर यायची, आणि मला ती तेव्हाच जास्त आवडायची. प्रोजेक्ट पास झालेल्यांना महाप्याच्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला पाठवायचं ठरलं होतं. हल्ली नवख्यांना कोणी उभं करत नाही. आमच्याच ऑफिसात गेली दोन वर्षं नवा चेहरा दिसलेला नाही. त्यामुळे ही मुलाखत म्हणजे काय ते तिला कळत होतं आणि मलाही. यार्डातल्या नोंदींतून तिला बाहेर काढणारी दुसरी वाट माझ्या तरी माहितीत नव्हती.

तरी मी तपासायला बसले ती तपासायलाच. कोड साधा होता, पण तिचा स्वतःचा होता. हल्ली तेही दुर्मीळ झालंय, विचारलं की मशीन लिहून देतं आणि पोरं जशीच्या तशी चिकटवतात. हिच्या चुका हिच्याच होत्या. त्यातली एक मात्र बघून माझं डोकं सटकलं. धवल्याच्या खाली मत देणाऱ्यांची यादी होती, आणि त्या यादीत एकाच पुरुषाचं नाव एकाखाली एक, एकाखाली एक, पडदा संपेपर्यंत. म्हणजे एकच माणूस हवं तितक्या वेळा मत देऊ शकत होता. एकदा दिल्यावर पुन्हा देता येऊ नये, ही अट तिनं घातलीच नव्हती.

मतदानाच्या बाबतीत मी जरा वेडी आहे, हे इथंच सांगते. माझे वडील एपीएमसी मार्केटात माथाडी होते, कांदा-बटाट्यात. मराठवाड्यातलं गाव सोडून आलेला माणूस. मतदानाच्या दिवशी पहाटे अंघोळ करून धुतलेला शर्ट घालून रांगेत पहिले उभे राहायचे. म्हणायचे, “शेटजीला एक, मला बी एक. त्याला जास्त न्हाई, मला कमी न्हाई.” गावातल्या विहिरीवर त्यांच्या बापाला जे मिळालं नाही ते त्यांना त्या रांगेत मिळत होतं. म्हणून मी तिच्या त्या चुकीसमोर लाल अक्षरांत लिहिलं: ‘एका माणसाला एकच मत. हे चुकलं तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.’

रविवारी ती आली. लॅपटॉपची बॅग मांडीवर धरून बसली, उघडलीच नाही.

“मॅडम, मी हे शेवटचं आले,” ती म्हणाली. “घरून वर्ग बंद केलाय.”

मी विचारलं काय झालं. हळूहळू सगळं बाहेर आलं. वेबसाइट चालू झाली तेव्हा तिला कोण आनंद झाला. तो जिरवायला तिनं लिंक पाठवली कुठं, तर भावकीच्या ग्रुपवर. ‘सगल्यांनी वोट करा’ असं वर लिहून. अर्धवट बनलेली वस्तू आपण ऑफिसात साहेबाला दाखवत नाही, आणि ही पोरगी भावकीला दाखवून मोकळी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भावकी महिनाभर मतं देत होती. तिच्या चुलत भावाचं, म्हणजे मोठ्या काकांच्या मुलाचं, गाणं त्यात होतं. त्यानं डीजेवाल्याला धरून, व्हिडिओ काढून, हौसेनं बनवलेलं. ते पहिलं येणार यात कोणालाच शंका नव्हती. ते दुसरं आलं. पहिला आला धवला. काकांनी यादी उघडून बघितली तर धवल्याखाली ओळीनं एकच नाव: त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. म्हणजे हिच्या वडिलांचं.

“काका ओटीवर येऊन बोलले, भावाच्या पोराला पाडायला इतक्या वेला बटन दाबलंस? समोर सांगायचं होतंस. बापूस बोलतोय मी हात पन लावला नाय. काका बोलतात, नाव तुजं हाय.” तिनं ओढणीनं डोळे पुसले. “आता दोन्ही घरांत बोलनं बंद. बापूस बोलला, या कॉम्प्युटरनं घर फोडलं. उद्यापासून नाय जायचं.”

मी खरं तर हसलेच. मला वाटलं, केवढ्याशा गोष्टीचा केवढा डोंगर! उत्तर माझ्या खिशात होतं. मी तिला ऐटीत समजावलं की तुझ्या वेबसाइटला पासवर्डच नाही. चौकटीत कोणीही कोणाचंही नाव टाकावं. ती यादी काहीच सिद्ध करत नाही. वडिलांच्या नावानं भलत्याच कुणीतरी दाबलं असणार. हवं तर मी येते जासईला, काकांना दाखवते. त्यांच्याच नावानं त्यांच्याच समोर मत टाकून दाखवते, म्हणजे पटेल.

तिचा चेहरा उजळला नाही. बॅगेच्या चेनशी खेळत ती म्हणाली, “ते मना म्हाईत हाय मॅडम. कोनी दाबलं ते पन म्हाईत हाय.”

“कोणी?”

“आयशीनं.”

मग तिनं सांगितलं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीन असते. सगळे विधी गाण्यांतून करून देणारी बाई, तिच्या गाण्यांना धवले म्हणतात. रेकॉर्डिंगमधला आवाज होता तो हिच्या आजोळच्या धवलारनीचा. हिच्या आईचं लग्न तिनंच लावलेलं. मागे एका नात्यातल्या लग्नात हिनं सहज फोन धरला होता, विभाग भरायला म्हणून ते टाकलं. आणि आई रोज दुपारी, सगळं आवरून, घरातला जुना फोन घेऊन बसायची आणि ते ऐकायची. ऐकून झालं की मत द्यायची. रोज. कधी दोनदा.

“मी बोलले, अगं आय, कितीदा दाबतेस? तं बोल्ली, धवलारनीचं गानं ऐकलं का तिच्या हातावर कायतरी ठेवावं लागतं. फुकट ऐकू नये. मंग ती रोज ऐकते, तं रोज ठेवते.”

“आणि नाव वडिलांचं का टाकलं?”

माझ्या प्रश्नाचंच तिला नवल वाटलं. “मंग कोनाचं टाकनार? नाव लिवा बोल्लं का आमच्याकडं बापसाचंच लिवतात. गॅसला, लाइटीला, दवाखान्यात. वर्गनी पन बापसाच्या नावानं. तिनं तेच लिवलं. तिला वाटलं, घराचं नाव मागतायत.”

माझी स्वतःची आई, वडील जाऊन इतकी वर्षं झाली तरी, कुरियरवाल्यानं दारात नाव विचारलं की वडिलांचंच सांगते. पार्सलावर तिचं नाव छापलेलं असतं तरी. मी चिडते, ती म्हणते, अगं तोंडात बसलंय. माझ्या दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे, पण ते यायला लग्नानंतर किती वर्षं लागली ते मी सांगणार नाही.

“मग सांग ना घरी,” मी म्हटलं. “आईनं दाबलं म्हणावं. मिटलं.”

“मिटत नाय मॅडम. आता ते बापसावर हाय ना, तं भावाभावांचं भांडन हाय. आज ना उद्या मिटंल. आयशीचं नाव आलं का सगले बोलतील, भायेरून आलेल्या बाईनं भावाभावांत लावून दिलं. माहेरच्या धवलारनीसाठी घर फोडलं. ते मंग मरेपर्यंत निघनार नाय.” आणि मग, “मी सांगनार हाय, मीच दाबलं. टेस्टिंग करत होते.”

मी तिच्यावर जवळजवळ ओरडलेच. अगं, म्हणजे तुझा वर्ग कायमचा बंद. वडिलांच्या नावाआडून चुलतभावाला पाडलंस असंच म्हणतील. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथं तर चोरही कोणी नाही. मुलाखतीचं काय? तिनं ऐकलं नाही. तिनं माझ्याकडून शपथ घेतली की मी यातलं कोणाला काही सांगणार नाही, आणि मी ती दिली. दिली याचा राग मला पुढचा आठवडाभर येत होता.

मग तिनं लॅपटॉप उघडला. “तुमी लिवलंय ते करून जाते,” म्हणाली. “एकाला एकच.”

तिनं ते तिथंच, माझ्यासमोर केलं. मी मधे बोलले नाही. एकदा अडकली, स्वतःच सुटली. एकाच नावाची जादा मतं काढून टाकली. नंतर त्याच नावानं पुन्हा दाबलं तर पडद्यावर वाक्य यावं अशी सोय केली. मी सुचवलेलं वाक्य: ‘तुम्ही आधीच मत दिलं आहे.’ काम चोख झालं. तिनं पान पुन्हा उघडलं तेव्हा धवला पहिल्या नंबरावरून थेट तळाला गेला होता, एका मतावर. वर चुलतभावाचं गाणं.

ती त्या पिवळ्या पानाकडे बघत राहिली. “आता दुपारी आय ऐकंल,” ती म्हणाली, “आनि बटन दाबंल, तं तो बोलंल, तुमी आधीच मत दिलं.”

मी शाबास म्हणाले. तोंडाला चव नव्हती तरी म्हणाले.

आठवड्याच्या मध्यात मला फोन आला, तिच्या वडिलांचा. मी ऑफिसात होते, जिन्यात जाऊन घेतला. अतिशय अदबीनं बोलले. “मॅडम, पोरगी कबूल जाली. तिनंच केलं. तुमच्यावर राग नाय. तुमी चांगलं शिकवता, पन आमच्यात हे बरं नाय. भावाच्या घराला घर लागून हाय आमचं. तिला आता नका बोलवू.”

सगळं खरं माझ्या जिभेवर होतं. तुमची मुलगी खोटं बोलतेय आणि तिच्याइतकं सरळ पोर मी बघितलेलं नाही, हे एक वाक्य. मी ते गिळलं. ‘प्रोजेक्ट तिचा चांगला झालाय’ एवढंच म्हणाले. मग, “हो ना. हुशार हाय,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. मी जिन्यातच बराच वेळ उभी होते, नंतर मीटिंगमध्ये काय ठरलं ते मला आठवत नाही.

पुढच्या रविवारी तिची खुर्ची रिकामी होती. मुलाखतीला पाठवायची नावं त्या दिवशी ठरायची होती आणि मुलाखत लगेच सोमवारी. माझ्या सोबत्यांचं म्हणणं, जी येणारच नाही तिचं नाव कशाला, जागा वाया जाईल. त्यांचं चुकत नव्हतं. मी हट्टानं तिचं नाव घातलं. कोड तपासणं माझं काम आहे, तो पास आहे, असं म्हटलं. कोणी वाद घातला नाही. माझ्याशी सहसा कोणी घालत नाही. तिला मेसेज केला, तो पोचला पण उत्तर आलं नाही.

संध्याकाळी घरी, भाजी निवडता निवडता, सवयीनं तिची वेबसाइट उघडली. कशासाठी ते मला सांगता येणार नाही, बंद केली असेल का बघावं, एवढंच. बंद नव्हती. धवला तळालाच होता. पण मतं दोन झाली होती.

यादीत वर तिच्या वडिलांचं नाव. त्याखाली एका बाईचं. नुसतं नाव. पुढे नवऱ्याचं नाही, आडनाव नाही, काही नाही.

मी भाजी बाजूला ठेवली. फोन करावा की करू नये असं करत होते तोवर तिचाच आला. ती कुठेतरी बाहेर उभी असावी, मागे ट्रेलरचे हॉर्न.

“मॅडम, बघितलं काय?”

“बघितलं. काय झालं?”

“काका आलते दुपारी. समजुतीला, चार मानसं घेऊन. बापूस मना बोलला, दाखव यांना, आता कसं नीट केलंस ते. मी फोन दिला काकांच्या हातात. मी बोल्ले, आता एकाला एकच मत, कोनी परत दाबू शकत नाय. आय चाय घेऊन आलती. तिनं ट्रे ठेवला, काकांच्या हातातनं फोन घेतला, बापसाचं नाव टाकलं आनि धवल्याचं बटन दाबलं. सगल्यांसमोर. तं तो बोलला, तुमी आधीच मत दिलंय.” तिचा आवाज हॉर्नच्या वर चढला होता. “आय बोल्ली, मी कवा दिलं? हे तं ह्यांचं जालं. माजं कुठं हाय?”

“मग ते काय म्हणाले?”

“कोनी काय बोल्लं नाय मॅडम. तिनं मंग स्वताचं नाव टाकलं. एकेक अक्षर शोधून. सगले बघत होते. मत दिलं, फोन परत दिला. काकांना बोल्ली, पयल्या दिवसापासून मीच दाबत होते, पोरीनं नाय, ह्यांनी पन नाय. मना ते गानं आवडतं.”

“मग?”

“काका चाय न पिता गेले. बापूस माडीवर गेलाय, खाली आला नाय अजून. काय होतंय म्हाईत नाय.” हॉर्न पुन्हा वाजला. “उद्या मी येते मुलाखतीला. आय बोल्ली जा. बापूस हो बोल्ला नाय, पन नाय पन बोल्ला नाय.”

मी वेळ सांगितली, पत्ता पुन्हा सांगितला, कागदपत्रं काय काय घ्यायची ते सांगितलं. तिच्या आईचं पुढे काय होईल ते विचारायची हिंमत मला झाली नाही. त्या घरात रात्री कोण कोणाशी बोलेल, सकाळी कोण कोणाला चहा देईल, हे तिलाही माहीत नव्हतं.

“मॅडम, आय इथंच हाय,” ती म्हणाली. “ती विचारते, तिचं मत धरलं ना?”

“धरलं म्हणावं.”

तिनं तिकडं सांगितलं. मागून काहीतरी हळू बोलल्याचं ऐकू आलं.

“ती विचारते, ते पयलं, ह्यांच्या नावाचं, ते काढता येतंय काय? बोलते, ते त्यांचं नाय. द्यायचं तं त्यांचं त्यांनी द्यावं.”

दिलेलं मत मागे घ्यायची सोय तिच्या वेबसाइटमध्ये नव्हती. तपासताना माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, “ती सोय अजून नाही. उद्या मुलाखत झाली की लॅपटॉप घेऊन माझ्याकडे ये. आपण करू.”